तिला पलंगाखाली राहू द्या

सोमवारी आमच्या सरकारी रुग्णालयात रेबीजच्या लशीची रांग नेहमीपेक्षा लांब असते. शनिवार-रविवारचे चावे त्या दिवशी येतात. लोक तिला ‘कुत्र्याच्या इंजेक्शनची रांग’ म्हणतात, पण तिच्यात मांजर चावलेलेही कमी नसतात. मध्यंतरी अशाच एका सोमवारी विशीतला एक मुलगा उजवा हात छातीशी धरून उभा होता. अंगठ्याच्या बुडाशी दोन बारीक भोकं आणि तिथून मनगटापर्यंत हात लाल, टरटरून सुजलेला. शनिवारी संध्याकाळी त्यानं रस्त्यावरून वाचवलेलं एक मांजर दत्तक म्हणून घरी आणलं होतं. पिंजऱ्याचं दार उघडल्याबरोबर ते पलंगाखाली गेलं आणि रात्रभर बाहेर आलं नाही. रविवारी सकाळी घरी पाहुणे येणार होते, त्यांना मांजर दाखवायचं होतं. म्हणून यानं पलंगाखाली हात घालून त्याला ओढलं.

“मांजर कुठंय आता?” मी विचारलं.

“बाबांनी पिशवीत घालून मंडईपाशी नेऊन सोडलं कालच. चावरं निघालं ते, मॅडम.”

आणलं आणि सोडलं, यात चोवीस तासही गेले नव्हते.

मी माणसांची डॉक्टर आहे, जनावरांची नाही. मांजराच्या आजारावर मी बोलायला लागले तर माझे पशुवैद्यक मित्र मला योग्य शब्दांत गप्प करतील. पण ‘चावरं निघालं’ हे निदान मी गेली कित्येक वर्षं रांगेतल्या माणसांकडून ऐकते आहे, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं असं माझं मत झालं आहे. ते मांजर चावरं नव्हतं, भ्यालेलं होतं. आणि भ्यालेल्या मांजराला त्या क्षणी जे एकमेव औषध हवं असतं, म्हणजे लपायला जागा, तेच आपण हिसकावून घेतलं होतं. भित्र्या मांजराला घरात रुळवायचं म्हणजे त्याला खूप प्रेम द्यायचं, असं आपल्याला वाटतं. पहिले काही दिवस प्रेम आवरून धरणं हेच खरं काम आहे, असं मला वाटतं. हे मी स्वतः चुका करून शिकले. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी मांजर लपतं का, ते पाहू. आपल्या घरातलं मांजर हे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजराचा वंशज. हा प्राणी शिकार एकटा करतो, पण आकारानं इतका लहान की त्याचीही शिकार होऊ शकते. कुत्र्याचं तसं नाही. कुत्रा टोळीतला. तो घाबरला की आपल्या माणसाकडे धावतो, पायात घुसतो, आणि आपण पाठीवर हात फिरवला की त्याला खरंच बरं वाटतं. मांजराच्या पूर्वजांमागे धावून येणारी टोळीच नव्हती. संकट आलं की पळायचं, पळता येत नसेल तर लपायचं, लपताही आलं नाही तर नखं आणि दात. हा क्रम ठरलेला आहे. पलंगाखाली गेलेलं मांजर दुसऱ्या पायरीवर असतं. आपण हात घालतो आणि त्याला तिसरीवर ढकलतो.

शिवाय त्याला ऐकू काय येतं, वास कसले येतात, याची आपल्याला कल्पना नसते. माणसाला जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला ६०,००० हर्ट्झच्याही वरचा येतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, हे सगळं त्याच्या दृष्टीनं एका अनोळखी मुलखातले गडगडाट असतात. आणि ज्या वासांवरून ‘ही माझी जागा’ हे त्याला कळतं, त्यातला एकही वास नव्या घरात नसतो. मांजर दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला गाल घासतं ते लाडात येऊन नव्हे, निदान फक्त लाडात येऊन नव्हे. गालाजवळच्या ग्रंथींमधला स्वतःचा वास ते तिथे लावून ठेवतं. नव्या घरात ही पाटी त्याला पहिल्यापासून लिहायची असते.

वैद्यकशास्त्रात पहिल्या वर्षीच शिकवतात की भीतीचं संप्रेरक दोन टप्प्यांत काम करतं. ॲड्रेनलिन काही मिनिटांत चढतं आणि ओसरतं. कॉर्टिसॉल उशिरा येतं आणि रेंगाळतं. धक्के बसत राहिले तर ते उतरायलाच तयार नसतं. माणसाला रुग्णालयात भरती केलं की त्याचं रक्तातलं साखरेचं प्रमाण नुसत्या ताणानं वाढलेलं दिसतं. मांजरांमध्येही तपासणीच्या टेबलावर हेच घडतं आणि पशुवैद्यकांना ते चांगलं ठाऊक आहे. म्हणजे दर दोन तासांनी ‘आता तरी येतेय का बघू’ म्हणून वाकून पाहिलं, की उतरत आलेलं घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून चालू होतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आमच्या अपघात विभागात आम्ही नव्या डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. जो रुग्ण ओरडतो आहे त्याच्याकडे सगळे धावतात. तुम्ही आधी गप्प पडलेल्याकडे बघा. मांजराच्या बाबतीत हे तंतोतंत लागू आहे. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून, पाय पोटाखाली घेऊन, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून दगडासारखं बसलेलं मांजर पाहून लोक म्हणतात, “किती शांत आहे!” ते शांत नसतं, थिजलेलं असतं. त्याला उचलून मुलाच्या मांडीवर ठेवलं तर ते काही वेळ तसंच राहील. मग पुढच्या क्षणी कुणाच्या तरी गालावर नख उमटेल आणि सगळे म्हणतील, एकाएकी काय झालं हिला!

आता आमच्या ठमीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्याच इथल्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं तिला एका इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यातून बाहेर काढलं. वय साधारण दोन वर्षं, डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी आधीच झालेली. “मॅडम, फक्त थोडे दिवस ठेवा,” असं म्हणून ती मुलगी पिंजरा ठेवून गेली. अशी वाक्यं मला आता ओळखू येतात. माझ्या घरी माझी ऐंशी पार केलेली आई आणि मी. पिंजरा उघडला तशी ठमी लोखंडी कपाटामागच्या चार बोटांच्या फटीत शिरली. (ठमी हे नाव आईनं नंतर ठेवलं. आधी आम्ही तिला ‘ती’ म्हणत होतो.)

पहिल्या रात्री तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. मी डॉक्टर. रुग्ण दाखल आहे, जेवत नाही, मग मी करणार काय? राउंड घेतले. रात्री अकरा, दोन, पाच. मोबाइलचा टॉर्च लावून कपाटामागे बघायचं, दोन हिरवे दिवे चमकले की हुश्श करायचं. दुसऱ्या रात्री वाटीतलं खाणं थोडं कमी झालं आणि वाळूच्या घमेल्यात एक ओला गोळा सापडला. त्या गोळ्याचा मला जो आनंद झाला तो अतिदक्षता विभागात लघवीची पिशवी भरल्यावर होतो, त्याच जातीचा होता. इथवर ठीक होतं. चौथ्या दिवशी मात्र मला वाटलं की कपाटामागे धूळ फार आहे, ती झाडावी. कपाट हातभर सरकवलं. ठमी उसळली, पडद्यावर चढली, पडद्यासकट खाली आली, वाटेत लघवी झाली, आणि ती न्हाणीघरातल्या वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. त्यानंतर दीड दिवस पुन्हा काही खाल्लं नाही.

आई म्हणाली, “अगं, तू सारखी तिला बघायला जातेस म्हणून ती येत नाही.”

मला थोडा राग आला. आईचे मांजरांबद्दलचे सल्ले तोवर असे होते: बशीत दूध दे, पायांना लोणी लाव म्हणजे ते चाटता चाटता घराची होईल, आणि दोन दिवस दोरीनं बांधून ठेव. या तीनही गोष्टी मी धुडकावल्या होत्या आणि त्यात मी बरोबर होते. पण चौथ्या वाक्यात ती बरोबर होती.

त्यानंतर आम्ही न्हाणीघराशेजारची छोटी खोली ठमीला देऊन टाकली. एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं, त्यात आईचं जुनं लुगडं. एका कोपऱ्यात वाळूचं घमेलं, त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात अन्न आणि पाणी. (आपण शौचालयात जेवत नाही, मांजरही जेवत नाही. हे सांगावं लागतं.) खिडकीला जाळी. मी दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी वाट्या भरायला जायची आणि गुपचूप परत यायची. आई मात्र सकाळी तिथे जाऊन खुर्चीवर बसायची. खोलीत ऊन चांगलं येतं, एवढंच तिचं कारण. मेथी निवडायची, शेंगा सोलायची, जपमाळ ओढायची, मध्येच डुलकी घ्यायची. मांजराकडे ती बघतसुद्धा नव्हती. तिच्या लेखी ते माझं खूळ होतं.

बाराव्या दिवशी ठमी खोक्यातून बाहेर आली आणि आईच्या पायापासून तीन हातांवर बसून तिला मेथी निवडताना बघत राहिली. आईनं मान वर केली नाही. एकोणिसाव्या दिवशी ती चपलेला गाल घासून गेली. मला पहिल्यांदा हात लावू दिला तेव्हा दोन महिने होत आले होते.

ही एका मांजराची गोष्ट झाली, आणि एका रुग्णावरून निष्कर्ष काढू नये हे मी विद्यार्थ्यांना रोज सांगते. पण या बाबतीत अभ्यासही आहेत. २०१४ साली नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या एका निवाऱ्यात नव्यानं आलेली १९ मांजरं घेतली. दहांच्या पिंजऱ्यात लपायला खोकं ठेवलं, नऊंच्या पिंजऱ्यात नाही. शरीराच्या ठेवणीवरून, कानांवरून, श्वासावरून ताणाची मोजणी केली. खोकं मिळालेली मांजरं तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंतच बरीच सावरली होती, बाकीच्यांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. एकोणीस हा आकडा लहान आहे हे खरं. पण उपचार काय, तर रद्दीतलं एक खोकं! असं औषध मला माणसांसाठी मिळालं तर मी उद्या वॉर्डात वाटीन.

दुसरा अभ्यास मला डॉक्टर म्हणून जास्त अस्वस्थ करतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात ३२ मांजरांना ७७ आठवडे पाहिलं गेलं. त्यांतल्या काहींना मूत्राशयाचा जुना विकार होता, काही ठणठणीत होती. सांभाळणारा माणूस बदलला, जेवणाची वेळ बदलली, म्हणजे दिनक्रम विस्कटला, की उलट्या, न खाणं, घमेल्याबाहेर शी-शू ही लक्षणं वाढत. विशेष म्हणजे ठणठणीत मांजरांमध्येही वाढत. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. नव्या मांजरानं गादीवर लघवी केली की लोक म्हणतात, सूड घेतेय. सूड वगैरे काही नसतं. तिचं वेळापत्रक मोडलेलं असतं आणि शरीर ते बोलून दाखवत असतं. त्यावर ओरडणं, नाक त्यात घासणं हे निव्वळ क्रौर्य आहे आणि त्यानं पुढची लघवी लवकर होते, इतकंच. जेवणाची वेळ रोज तीच, भरवणारा माणूस तोच, घमेल्याची जागा तीच. पहिले तीन आठवडे एवढं कंटाळवाणं आयुष्य मांजराला द्यावं.

आणि बघायचंच असेल तर कसं बघावं? टक लावून बघणं ही मांजरांच्या जगात धमकी आहे. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की माणसानं मांजराकडे बघून डोळे अर्धवट मिटत सावकाश उघडझाप केली तर मांजरही तशीच करण्याची शक्यता वाढते, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे ती जास्त वेळा येतात. जमिनीवर बसून, थोडं आडवं तोंड करून, संथ पापण्या. मी हे वर्षभर करते आहे. माझ्याकडे बघून आई म्हणते, झोप आली असेल तर झोप.

आता काही गोष्टी, ज्यांत माझा आवाज थोडा चढेल.

नव्या मांजराला आल्या आल्या आंघोळ घालू नका. रस्त्यावरचं आहे, घाण असणार, हे समजतं. पण पाण्यानं त्याच्या अंगावरचा एकमेव ओळखीचा वासही जातो आणि बादलीपाशी धरून ठेवताना निम्मे चावे होतात असं रांगेतले किस्से ऐकून माझं मत आहे. पिसवांसाठी पशुवैद्यक मानेवर घालायचे थेंब देतात, ते आठवड्यानं चालतात.

दूध नको. दूध तुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यांना त्यातली साखर पचवता येत नाही. जुलाब होतात, मग घमेल्याबाहेर घाण, मग पुन्हा ‘हिला शिस्त नाही’. उकडलेलं चिकन किंवा मासा द्या, पण त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

आणि पॅरासिटामॉल तर मुळीच नको. हे मी जाड अक्षरात लिहिलं असतं. मांजर मलूल दिसतंय, अंग गरम लागतंय, घरात मुलांच्या तापाची गोळी आहेच, चतकोर देऊ. माणसाचं यकृत ज्या रासायनिक वाटेनं हे औषध निकामी करतं, ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ बंद असते. चतकोर गोळीनंही रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाऊ शकते आणि मांजर दगावतं. भित्र्या मांजराला ‘शांत व्हावं’ म्हणून आजीची झोपेची गोळी देणारेही मला भेटले आहेत.

लपणं हे औषध म्हटलं, पण प्रत्येक औषधाला मर्यादा असते. लपलेलं मांजर रात्री चोरून खातंय, पितंय आणि घमेलं वापरतंय, तोवर त्याला त्याच्या हालावर सोडा. पूर्ण एक दिवस त्यानं काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्यकाला फोन करा आणि दुसरा दिवसही तसाच जाऊ लागला तर थांबू नका. उपाशी मांजराच्या शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि ते यकृत बसतं; लठ्ठ मांजरात हे जास्त वेगानं होतं. बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो आणि काही होत नाही, तर ती तातडीची बाब आहे, सकाळपर्यंत वाट बघण्याची नाही. तोंड उघडून धापा टाकत असेल तर तेही तसंच.

चावलंच तर? मांजराचे सुळे सुईसारखे असतात. बाहेरून जखम दिसत नाही, पण जंतू खोल स्नायूबंधांपर्यंत पोचतात, म्हणूनच त्या मुलाचा हात एका रात्रीत सुजला होता. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही भरू नका. मग त्याच दिवशी रुग्णालयात या. नुसता ओरखडा असेल आणि रक्त नसेल तरी लस लागते. दात किंवा नख कातडीच्या आत गेलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावं लागतं. सरकारी रुग्णालयात हे मोफत आहे. कातडीत टोचायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते.

आणि इथेच त्या मुलाच्या वडिलांची चूक आम्हा सर्वांना महागात पडली. चावलेलं मांजर घरात असेल तर आम्ही त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतो. उपचार त्यासाठी थांबवायचा नसतो, तो लगेच सुरू होतो. पण दहा दिवसांनी मांजर धडधाकट असेल तर रेबीजची भीती गेलेली असते आणि पुढच्या डोसांचा विचार डॉक्टर त्यानुसार करू शकतात. मंडईपाशी सोडलेल्या मांजरावर कोण लक्ष ठेवणार? त्याला रेबीजची लस दिली होती का, हेही कुणाला माहीत नव्हतं. मुलाला सगळे डोस घ्यावे लागले आणि त्या घरच्यांनी महिनाभर जीव मुठीत धरला. घाबरलेलं मांजर तिकडे, घाबरलेलं कुटुंब इकडे.

घरात कुणी गरोदर असेल तर लोक हमखास विचारतात, म्हणून तेही सांगून टाकते. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो हे खरं, पण ते मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, थोडे आठवडे तो बाहेर टाकतं, आणि बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस जातो. म्हणून घमेलं रोज साफ करायचं आणि ते काम गरोदर बाईनं नव्हे, नवऱ्यानं करायचं. कच्चंपक्कं मटण आणि न धुतलेली भाजी हाही त्याचा मोठा रस्ता आहे. त्यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नसते.

मांजर किती माणसाळेल याबद्दलही खरं बोललं पाहिजे, कारण फसगत तिथेच होते. मांजराच्या पिल्लाचं मन माणसासाठी उघडं असण्याचा काळ फार लहान असतो, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत. त्या काळात ज्याला माणसाचा हात मिळाला ते पुढे सहज जवळ येतं. ज्याला मिळाला नाही त्याला सगळं आयुष्यभर थोडं परकं राहतं. आणखी एक गंमत म्हणजे बापाचा स्वभाव. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात धीट बोक्यांची पिल्लं, बापाचं तोंडही न बघता, नव्या गोष्टींना अधिक धीटपणे सामोरी गेली. म्हणजे तुमच्या पलंगाखालच्या मांजराचा थोडा भित्रेपणा त्यानं कधीच न पाहिलेल्या एखाद्या बोक्याकडून आलेला असू शकतो. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, आणि त्याचंही.

म्हणून मांजरं दत्तक देणाऱ्या मंडळींशी माझं थोडं भांडण आहे. ही बहुतेक तरुण मुलं-मुली, पदरचे पैसे घालून राबतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण शिबिरात हातात मांजर देताना ते आधार कार्ड बघतात, खिडक्यांना जाळी आहे का विचारतात आणि मग सांगतात, “रात्री फोटो पाठवा हं!” हा फोटो घरच्यांना मांजर बाहेर ओढायला लावतो. तो पंधरा दिवस मागूच नका. त्याऐवजी विचारा, हिला एकटीला एक खोली, खोली नसेल तर पलंगाखालचा एक कोपरा मिळेल का? घरात लहान मुलं असतील तर त्यांना कोण थोपवणार? आणि निदान तीन आठवडे व्हायच्या आत ‘हिला परत घेऊन जा’ असा फोन आला, तर मांजर आणायला जाण्याआधी अर्धा तास बसून त्या घराशी बोला. मोबाइलवर वीस सेकंदांत मांडीवर घुरघुरणारी मांजरं बघून लोकांचा अंदाज चुकतो. त्या वीस सेकंदांआधीचे दोन महिने कुणी चित्रित करत नाही, कारण त्यात दिसण्यासारखं काहीच नसतं.

भाचा पहिल्यांदा आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला मी एकच नियम सांगितला, मांजर तुझ्याकडे येईल, तू तिच्याकडे जायचं नाही. त्याला तो अन्याय वाटला. मग तो त्या खोलीत फरशीवर पालथा पडून मोठ्यानं वाचायला लागला. ठमी आली नाही, पण खोक्यातून तिचे कान त्याच्या बाजूला वळलेले मला दिसले, आणि मी त्याला ते दाखवलं. पुढच्या सुट्टीत त्यानं येताना आठ पुस्तकं आणली.

ठमी अजूनही कुणाच्या मांडीवर बसत नाही. दाराची बेल वाजली की ती वॉशिंग मशीनच्या मागे असते. दूधवाल्याला, कचरा नेणाऱ्या बाईला आमच्याकडे मांजर आहे हे अजून खरं वाटत नाही. रात्री मात्र ती आईच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपते, आणि हल्ली आई पहाटे उठली की आधी पाय हळूच हलवून ती कुठे आहे ते चाचपते.

पाऊस सरत आला आहे. पावसाळ्यातली पिल्लं आता मोठी होत आली आहेत, म्हणजे दत्तक शिबिरांचे दिवस. दिवाळीच्या तोंडावर भित्रं मांजर घरी आणू नका, फटाके संपल्यावर आणा. आधीच आणलं असेल तर आतल्या बाजूची खोली, बंद खिडक्या, जाड पडदे, पंखा मोठा, आणि दार उघडण्यापूर्वी मांजर कुठे आहे ते बघायचं. फटाक्याच्या आवाजानं उघड्या दारातून सुटलेलं मांजर अनोळखी वस्तीत सहसा परत सापडत नाही. आमच्याकडे वॉशिंग मशीनच्या मागे धनत्रयोदशीपासून एक वाटी आणि लुगड्याची घडी ठेवलेली असते. मागच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती तिथे सहा तास होती. आई न्हाणीघराच्या दारात पाट टाकून करंज्यांचा डबा घेऊन बसली होती, मशीनकडे पाठ करून.